आबांचा साबण आणि लेव्ही-स्ट्रॉस

एम.ए.च्या वर्गात संरचनावाद शिकवताना लेव्ही-स्ट्रॉसचा 'ब्रिकोलर' आला, की मुले हमखास उदाहरण मागतात. हाताशी असेल त्या जुन्यापुराण्या साहित्यातून नवे काही जुळवणारा माणूस, अशी ओळख मी करून देतो. त्याच्यासमोर आराखड्याबरहुकूम साहित्य मागवणारा अभियंता उभा करतो. मूळ फ्रेंच ग्रंथ १९६२ चा, हेही फळ्यावर लिहितो. उदाहरण मात्र गोधडीचे देतो. गोधडी मराठीच्या वर्गात शोभून दिसते. पंधरा वर्षांत आबांचे उदाहरण मी एकदाही दिले नाही.

आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, वर्कशॉप उंब्रजला महामार्गालगत होते. वेल्डिंग, पाण्याचे पंप, मोटारसायकली आणि हंगामात गुऱ्हाळांची कामे. ते गेल्यानंतर गेल्या उन्हाळ्यात पत्र्याची ती शेड आवरायला घेतली. भंगारवाल्याने सगळ्याचा वजनावर भाव केला. बिस्किटांचा एक डबा मात्र उघडून माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "यात काय न्हाय, सर."

डब्यात दाढीची पाती होती, कपड्यांच्या साबणाची अर्धी वडी, चुन्याची पुडी आणि खडूचे तुकडे.

दाढीचे पाते साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे असते. चार पाती एकावर एक ठेवली की ०.४ मिलिमीटर, जुन्या मोटारसायकलींच्या सीबी पॉइंटमधले अंतर आबा त्यावर जुळवीत. खडू कानशीला चोळायचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा कीस तिच्या दातांत अडकून बसत नाही. टाकीचे वेल्डिंग झाले, की सांध्याच्या एका बाजूला चुन्याचा हात द्यायचा आणि तो वाळल्यावर दुसऱ्या बाजूने रॉकेल लावायचे. पाणी जिथून जात नाही तिथूनही रॉकेल पाझरते. थोड्या वेळाने पांढऱ्या चुन्यावर डाग उमटला, तर सांधा कच्चा.

आणि साबण. लोखंड तापले की लाल होते, आपण किती तापलो ते सांगते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याआधी रंग बदलत नाही; कारागिराला कळायच्या आत पत्रा ओघळून जातो. म्हणून पत्र्यावर आधी साबण चोळायचा. साबण काळा पडला, की धातू मऊ होण्याइतका तापलेला असतो. तिथेच थांबायचे. "ॲल्युमिनियम सांगत न्हाय, साबण सांगतो," आबा म्हणत.

याला हाताशी लागेल ते वापरणे कसे म्हणावे? हे मापन आहे. ब्रिकोलर आणि अभियंता यांच्यातली भिंत टिकत नाही, अभियंता हीच ब्रिकोलरने रचलेली मिथ्यकथा आहे, असे देरिदाने १९६६ साली बाल्टिमोरच्या व्याख्यानात मांडले होते. त्यावर मी परीक्षेत प्रश्नही काढले आहेत. उत्तर घरातच एका डब्यात होते.

पण इथे आणखी एक मोह होतो, या साऱ्याचा गौरव करण्याचा. वेल्डिंगची काळी काच तडकली, की नवी घ्यायला आबा महिना महिना लावीत. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होई आणि आई त्यांच्या पापण्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवी. चकत्यांनी आग शमायची. डोळे वाचायचे नाहीत. साबण हे ज्ञान होते, बटाटा हा नाइलाज होता. 'जुगाड' या आजच्या लाडक्या शब्दात दोन्ही एकाच मापाने मोजले जातात, आणि नाइलाजाचेही कौतुक होऊन जाते.

समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी उंब्रजचा मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा आहे, असे सांगतात. त्याला कोणी जुगाड म्हणत नाही. वस्तूची किंमत आणि तिच्यात उतरलेल्या जाणतेपणाची किंमत वेगळी असते, हे गावाला देवळात कळते. मला शेडमध्ये कळायला उशीर झाला.

डब्यातला खडू माझ्याच महाविद्यालयातला होता. नोकरी लागली तेव्हा आबांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती : "तुटकं खडू टाकू नकोस, घेऊन ये." मी ते नेऊन देत असे, आणि कशाला हवेत हे कधी विचारले नाही. फळ्यावर 'ब्रिकोलाज' लिहून उरलेला तुकडाही त्यांत असेल कदाचित.

यंदा वर्गात गोधडीऐवजी साबणाची वडी नेली. ती कोणाची, हेही सांगितले. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. म्हणाली, "सर, आमच्या पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. ते काय काय वापरतात, लिहून आणू?"

लिहून आण म्हटले. असो.