ऑग्डनच्या स्टेशनातली बंदूक

मुलाने अमेरिकेत मला ऑग्डन दाखवले. गावचे स्टेशन १९२४ सालचे, आणि त्यातच गावच्या जॉन ब्राउनिंगच्या बंदुका मांडलेल्या. स्टेशनात बंदुका! पण मी जिच्यापुढे थबकलो तिला जागा शोभत होती. ती प्रवासासाठीच जन्मलेली.

लहान बावीस बोरची ती रायफल १९१४ पासून बेल्जममध्ये बनू लागली. खटका सरकवून नळी जराशी पिळली की दोन तुकडे. वळकटीत सहज मावतील. काडतुसे दस्त्याच्या पोटात, त्यामुळे नळीखाली अडगळ नाही. नेम धरायच्या दोन्ही खुणा नळीवरच, म्हणजे पुन्हा जोडताना त्या एकमेकींपासून ढळायला नकोत. सांधा झिजून सैल झालाच, तर तो आवळायला एक कडी! या माणसाने घरातल्या बिजागऱ्याही पाहिल्या असत्या तर बरे झाले असते.

मला मात्र आठवली आमच्या अप्पांची कोकणातली दुनळी बाराबोर. भातात रानडुकरे शिरली की अप्पा जुन्या धोतरातून तिचे तीन तुकडे काढीत. दस्ता, नळ्या, पुढची लाकडी मूठ. कट् कट्, की बंदूक तयार. परवाना त्यांच्याच नावाचा. ते गेल्यावर ती जमा करावी लागली. त्या दिवशी मला ती जोडता येईना. शिकवा म्हणून मी कधी म्हटलेच नव्हते. धोतरासकट तुकडेच देऊन आलो.

"बाबा, गाडीची वेळ झाली," मुलगा म्हणाला.

"थांब रे जरा," मी म्हटले.