पेंटनव्हिलची भिंत

अकोल्याच्या एस.टी. स्टँडजवळच्या चौकाला मदनलाल धिंग्रा यांचे नाव आहे. तिथून जवळच अब्बांची घड्याळदुरुस्तीची टपरी होती. सातवीत असताना मी त्यांना विचारले होते, हे धिंग्रा कोण? डोळ्यावरचे भिंग न काढता अब्बा म्हणाले, "पंजाबचा पोरगा होता. लंडनला फासावर गेला." मी विचारले, मग त्यांची समाधी कुठे आहे? "जेलवाल्यांनी आतच गाडून टाकलं होतं. आत्ता पाचसहा वर्षांमागे आणलं." हिंदू माणसाला गाडले कसे, हा प्रश्न मला पडला होता, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आले.

त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे 1983 साली, आखातात मजुरीला गेलेला माझा छोटा चाचा कामावर अपघातात वारला. ज्यांच्याकडे तो कामाला होता त्यांनी त्याला तिथेच दफन केले आणि नंतर पत्र पाठवले. दादीने ते पत्र कुणाकुणाकडून वाचून घेतले याचा हिशेब नाही. तिचे दोनच प्रश्न असत. गुस्ल कुणी दिला? मातीला कोण कोण होतं? पत्रात त्याबद्दल एक ओळ नव्हती. दादी पुढे अकरा वर्षे जगली, पण चाचाबद्दल बोलताना तिने कधीच 'मरहूम' हा शब्द वापरला नाही.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे 2024 च्या उन्हाळ्यात मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा तिच्या घरापासून पायी अंतरावर पेंटनव्हिलचा तुरुंग आहे हे कळले. कॅलेडोनियन रोडवर, भर वस्तीत. समोर बसस्टॉप, शेजारी घरे, रस्त्यावर केबाबची दुकाने. पांढऱ्या रंगाचे मोठे प्रवेशद्वार आणि दोन्हीकडे उंच भिंत. तुरुंग आजही चालू आहे. सकाळच्या फेरीला मी त्याच रस्त्याने जाऊ लागलो आणि घरी आल्यावर वाचू लागलो.

हा तुरुंग 1842 साली सुरू झाला. बांधणारा जोशुआ जेब हा लष्करातला इंजिनिअर. मधोमध एक मोठे दालन आणि त्यातून पंख्याच्या काड्यांसारख्या निघालेल्या कोठड्यांच्या इमारती. एकूण 520 कोठड्या. प्रत्येक तेरा फूट लांब, सात फूट रुंद, नऊ फूट उंच. आत पाण्याची सोय, शौचकूप, गॅसचा दिवा आणि गरम हवेची व्यवस्था. त्या काळी लंडनच्या गरीब माणसाला घरी यातले काहीच मिळत नव्हते. आज त्याच कोठड्यांत एकाच्या जागी दोघे राहतात, तो भाग वेगळा.

या तुरुंगाची कल्पना अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाहून आलेली. माणूस वाईट संगतीने बिघडतो, तर त्याला संगतच द्यायची नाही. एकांतात ठेवला की तो स्वतःच्या मनाशी बोलेल, देवाला आठवेल आणि सुधारेल. म्हणून कैद्याने दुसऱ्या कैद्याशी एक शब्द बोलायचा नाही. त्याचे नाव काढून घ्यायचे आणि नंबर द्यायचा. कोठडीबाहेर निघताना टोपीचा पुढचा भाग चेहऱ्यावर ओढायचा. त्याला डोळ्यांपुरती भोके. व्यायामाच्या वेळी सगळ्यांनी एक दोर धरून चालायचे. दोराला पंधरा पंधरा फुटांवर गाठी, प्रत्येकाने आपल्या गाठीला धरायचे, म्हणजे जवळ येणे नको. प्रार्थनाघरातसुद्धा प्रत्येकाला उभ्या फळ्यांचा वेगळा कप्पा होता. त्यातून फक्त पाद्री दिसायचा, शेजारी नाही. रात्रीचे पहारेकरी आवाज होऊ नये म्हणून नमद्याचे जोडे घालत.

सुरुवातीला हा एकांत अठरा महिन्यांचा होता. त्यानंतर कैद्याला जहाजात घालून ऑस्ट्रेलियाच्या पलीकडच्या व्हॅन डिमेन्स लँडला पाठवत. कैद्यांना भास होऊ लागले, काहींची डोकी फिरली. मग मुदत बारा महिने झाली, पुढे नऊ. म्हणजे चूक कळली होती, पण ती चूक आहे असे कुणी म्हटले नाही, फक्त महिने कमी केले. सरकारी कारभार दीडशे वर्षांपूर्वी लंडनमध्येही असाच चालत होता, हे वाचून अकोल्याच्या माणसाला जरा बरे वाटले.

मला खटकले ते प्रार्थनाघर. नमाजात खांद्याला खांदा लावून उभे राहायची सवय असलेल्या माणसाला, शेजारचा दिसू नये म्हणून फळ्या ठोकलेली इबादत कळत नाही. पण बांधणारे दुष्ट नव्हते. चाबकापेक्षा आणि गर्दीने सडलेल्या जुन्या तुरुंगांपेक्षा आपण फार दयाळू काहीतरी करतो आहोत, असे त्यांना मनापासून वाटत होते. या नमुन्यावर पुढच्या सहाच वर्षांत ब्रिटनमध्ये 54 तुरुंग बांधले गेले.

पहिली साठ वर्षे पेंटनव्हिलमध्ये फाशी नव्हती. लंडनची फाशी न्यूगेटला. 1868 पर्यंत ती उघड्यावर, हजारोंच्या गर्दीसमोर दिली जाई. त्या वर्षी मे महिन्यात मायकल बॅरेट नावाच्या आयरिश माणसाला न्यूगेटबाहेर फाशी दिली, ती उघड्यावरची शेवटची. त्यानंतर कायदा झाला की फाशी तुरुंगाच्या भिंतीआड द्यायची आणि प्रेतही भिंतीआडच पुरायचे. प्रेताच्या बाबतीत इंग्रजांचा कायदा आधीपासूनच कडक होता. 1752 च्या कायद्याने खुन्याच्या देहाला थेट दफन मिळत नसे. एक तर शवविच्छेदनासाठी डॉक्टरांकडे, नाही तर साखळदंडात लटकत ठेवणे. 1832 नंतर विच्छेदन थांबले, पण देह घरच्यांना मिळायला लागला नाही. तो सरकारजमा.

1902 मध्ये न्यूगेट बंद झाले आणि तिथली फाशी पेंटनव्हिलला आली. तेव्हापासून 1961 पर्यंत इथे 120 पुरुषांना फासावर चढवले गेले. पद्धत ठरलेली. शिक्षा झाल्यावर मधे तीन रविवार जाऊ द्यायचे. कैद्याला तोवर खास कोठडीत ठेवायचे. फाशीची खोली लागूनच असे, पण कैद्याला ते कळू नये याची काळजी घेत. आदल्या दिवशी फाशी देणारा माणूस भोकातून त्याला गुपचूप पाहून घेई, वजन विचारी आणि दोराची लांबी ठरवी. रात्रभर वाळूचे पोते लटकवून दोर ताणून घेत. सकाळी नऊला दार उघडले की काही सेकंदांत काम संपे. मग देह तासभर तसाच. मग तपासणी, आणि मग आवारातला खड्डा.

यातली एक गोष्ट मला सोडत नाही. ज्या तुरुंगात माणसाला सुधारण्यासाठी अठरा महिने कुणाचा चेहरा दिसू देत नव्हते, त्याच तुरुंगात मरायला निघालेल्या माणसाला एक क्षण एकटे सोडत नव्हते. रात्रंदिवस दोन पहारेकरी त्याच्याबरोबर बसत. त्याच्याशी पत्ते खेळत, गप्पा मारत. त्याने वेळेच्या आधी स्वतःच्या हाताने मरू नये म्हणून!

धिंग्रांनी 1 जुलै 1909 रोजी कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. मधे पडलेले कावसजी लालकाका हे पारशी डॉक्टरही त्यात गेले. चौकात उभे राहून धिंग्रांचे नाव घेताना लालकाकांचे नाव कुणी घेत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. 23 जुलैला ओल्ड बेलीत खटला चालला आणि त्याच दिवशी संपला. ती कोर्टाची नवी इमारत पाडलेल्या न्यूगेटच्याच जागेवर उभी होती. वडिलांनी आधीच नाते तोडले होते. 17 ऑगस्टला पेंटनव्हिलमध्ये फाशी झाली. हिंदू रिवाजाने अंत्यसंस्कार व्हावेत ही इच्छा नाकारली गेली आणि देह आवारात पुरला गेला. सातवीतल्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे लंडनमध्ये मिळाले.

31 वर्षांनी त्याच आवारात दुसरा पंजाबी आला. जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा गव्हर्नर असलेल्या मायकल ओड्वायरला 13 मार्च 1940 रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घालणारा उधमसिंग. पकडल्यावर त्याने पोलिसांना आपले नाव मोहम्मद सिंग आझाद असे सांगितले. आपल्याकडे 'राम मोहम्मद सिंग आझाद' म्हणतात, तेही चांगलेच आहे. पण शीख घरात जन्मलेल्या माणसाने फासाच्या वाटेवर स्वतःसाठी 'मोहम्मद' हे नाव निवडावे, आणि आपल्या पोरांना शाळेत ते कुणी सांगू नये, याचे मला वाईट वाटते. ज्या तुरुंगाने साठसत्तर वर्षे माणसांची नावे काढून घेऊन नंबर दिले, तिथे हा आपले नाव आपणच ठरवून गेला. 31 जुलैला त्यालाही पुरले.

तिसरे नाव टिमोथी इव्हान्स. याचा आपल्याशी काही संबंध नाही. वेल्सचा, धड लिहिता-वाचता न येणारा, 25 वर्षांचा. बायको आणि तान्ही मुलगी यांची प्रेते घरामागे सापडली. पोलिसांपुढे त्याने कबुली दिली, नंतर म्हणाला की मी नाही, खालच्या मजल्यावरच्या ख्रिस्तीने मारले. मुलीच्या खुनाचा खटला चालला. सरकारी बाजूचा मुख्य साक्षीदार कोण? तोच ख्रिस्ती. 9 मार्च 1950 रोजी इव्हान्सला फाशी. तीन वर्षांनी त्याच घरात भिंतीआड बायकांची प्रेते सापडली आणि ख्रिस्ती पकडला गेला. इव्हान्सच्या बायकोलाही आपणच मारले, असे त्याने कबूल केले. 15 जुलै 1953 रोजी त्याच तुरुंगात, त्याच अल्बर्ट पिअरपॉइंटच्या हातून ख्रिस्तीलाही फाशी झाली. या अल्बर्टचा बाप हेन्री. धिंग्रांना फाशी देणारा तोच. पुढे 1974 साली अल्बर्टने आठवणींचे पुस्तक लिहिले. फाशीने सुडापलीकडे काही साधत नाही, अशा निष्कर्षाला आपण आलो, असे त्याने त्यात म्हटले. इतक्या लोकांना पाठवून झाल्यावर!

1953 च्या सरकारी चौकशीने इव्हान्सच दोषी असा निर्वाळा दिला. 1966 च्या दुसऱ्या चौकशीने म्हटले की मुलीला त्याने मारले नसावे, बायकोला मारले असावे. ज्या खुनासाठी फाशी झाली तो त्याने केलाच नव्हता, म्हणून राणीच्या नावाने माफी दिली. माफी! ज्याने केले नाही त्याला, मेल्यावर सोळा वर्षांनी. फाशीच्या बाजूचे आपल्याकडचे मित्र भेटले की मी त्यांना इव्हान्स सांगतो. ते म्हणतात, असा एखादाच. मी म्हणतो, हा कळला कारण खरा खुनी त्याच घरात राहत होता आणि मूर्ख होता.

ब्रिटनमध्ये 1965 साली खुनाची फाशी थांबली. त्याच वर्षी इव्हान्सचे अवशेष पेंटनव्हिलमधून काढून लेटनस्टोनच्या कॅथलिक दफनभूमीत नेले. त्याच वर्षी 1916 मध्ये फाशी झालेल्या रॉजर केसमेंटचे अवशेष आयर्लंडला गेले. 1974 मध्ये उधमसिंगचे भारतात आले आणि 1976 मध्ये धिंग्रांचे. बाकीचे बहुतेक अजून तिथेच आहेत. त्यांच्यासाठी कुठल्या देशाचे सरकार पत्र लिहिणार? खरेखुरे खुनी होते ते, बरेचसे. पण आपल्याकडे खुन्याच्याही मय्यतीला गुस्ल आहे, कफन आहे, जनाज्याची नमाज आहे. शिक्षा श्वासाबरोबर संपते, पुढचा मामला दुसऱ्या दरबारातला. हे मी मौलाना लोकांच्या थाटात सांगत नाही. दादीचे दोन प्रश्न ऐकत मोठा झालेला माणूस म्हणून सांगतो.

परतल्यावर अब्बांना सगळे सांगितले. आता ते 86 वर्षांचे आहेत. टपरी कधीच गेली, भिंग मात्र उशाशी असते. तुरुंगाचे वर्णन, एकांत, टोप्या यात त्यांना फारसा रस दिसला नाही. धिंग्रांचे निघाले तेव्हा म्हणाले, "कितने साल में लाए?"

"1909 ते 1976. सदुसष्ट."

बोटांवर काहीतरी मोजत ते थोडा वेळ गप्प बसले.

"छोटू को इकतालीस हुए."