ज्युबिली कोणासाठी?



आपल्या चर्चच्या सुवर्णमहोत्सवाच्या बैठकीत मांडव आणि रोषणाईचा खर्च निघाला, तेव्हा मला लेवीयचा २५ वा अध्याय आठवला. 'ज्युबिली' हा शब्द तिथल्या 'योबेल'वरून, म्हणजे एडक्याच्या शिंगावरून आला. ५० व्या वर्षी शिंग फुंकले की विकलेली वतनाची जमीन मूळ घराण्याकडे परत जाई आणि गुलाम झालेला भाऊ घरी जाई. त्यात राजाचा उल्लेखही नाही.

राजांनी हा शब्द पुढे घेतला. १८०९ मध्ये इंग्लंडात तिसऱ्या जॉर्जच्या राज्याचे ५० वे वर्ष सुरू झाले, तेव्हा वर्गणी काढून तुरुंगातल्या कर्जदारांना सोडवले. तेवढे शास्त्राला धरून होते. पण २२ जून १८९७ ला प्लेगने पोळलेल्या पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची आतषबाजी झाली आणि त्याच रात्री रँडवर गोळी झाडली गेली. दुःखी शहराला आतषबाजी कशी गोड लागणार?

प्रभु येशूने नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ग्रंथातून वाचले ते बंदिवानांच्या सुटकेविषयी. म्हणून मी समितीला विचारले आहे: रोषणाई कमी करून कर्जात बुडालेले एक तरी घर आपण मोकळे करू काय? निर्णय व्हायचा आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा. आमेन.