भाईंदरचीं मिठागरें आणि पेढीचे गुण

मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेस निघालें म्हणजे दहिसरच्या पुढें मीरा रोड व भाईंदर हीं स्थानकें लागतात. भाईंदर सोडतांच गाडी वसईच्या खाडीवरील पुलावर येते. मध्यें पाणजू बेट दिसतें आणि पलीकडे चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून जिंकलेली वसई. अलीकडच्या तीरावर मिठागरें आहेत. भरतीचें पाणी आंत घ्यावें, बांध घालून उन्हांत आटवावें आणि तळाशीं उरेल तेवढें मीठ गोळा करावें, असा हा उद्योग. पाणी फार, मीठ थोडें. आणि वेळीं उचललें नाहीं तर एका अवकाळी पावसानें तेंही विरून जावयाचें.

हा देखावा पाहतांना मला माझ्या पुतण्याच्या क्रेडिट कार्डाची आठवण होते. नोकरीनिमित्त तो महिन्यांतून दोनतीनदां विमानानें जातो. तिकीट, उतरण्याची जागा, घरचें वाणसामान, सर्व खर्च कार्डावर. आणि त्याबद्दल पेढी त्यास 'पॉइंट' म्हणजे गुण देते. अभ्यास करणारास गुण देण्यांत माझा जन्म गेला. खर्च करणारास गुण मिळतात हें ऐकून नवल वाटलें.

यांत जादू कांहीं नाहीं. पेढी दुकानदाराकडून प्रत्येक व्यवहारावर शुल्क घेते. त्याचाच लहानसा अंश गुणरूपानें परत येतो. गुण देऊन घरगुती वस्तू घेतल्यास मोल बहुधा कमी पडतें. विमानकंपनीच्या खात्यांत वळवून तिकीट काढल्यास पुष्कळदां अधिक येतें, मात्र त्यावरील कर रोख भरावे लागतात. शंभरास एक रुपया हा भाव धरला तर ४०,००० रुपयांवर ४०० मिळाले. परंतु मुदतींत पूर्ण रक्कम भरली नाहीं, तर अनेक कार्डांवर दरमहा शेंकडा साडेतीनच्या सुमारास व्याज चढतें; म्हणजे महिन्याचे सुमारें १,४०० आणि त्यावर शेंकडा १८ कर! पुतण्या बाकी कधीं ठेवीत नाहीं, हें त्याचें शहाणपण.

त्याची चूक निराळीच होती. "काका, आणखी थोडे जमूं द्या, मग आईला काशीस नेतों," असें तो तीन वर्षें म्हणत राहिला. २०१९ च्या एप्रिलांत जेट एअरवेजचीं विमानें बंद पडलीं, तेव्हां तिच्या प्रवाशांचे गुण खात्यावर राहिले, पण ज्या विमानांसाठीं ते जमविले तींच राहिलीं नाहींत. हें उदाहरण मीं त्यास सांगितलें होतें. अखेर त्याच्या पेढीनेंही भाव बदलला. दोन तिकिटांपुरते असलेले गुण एकास पुरूं लागले. तोंवर वहिनींचे गुडघेही थकले होते.

दुसरें तिकीट त्यानें पदरच्या पैशानें काढलें व गेल्या मार्गशीर्षांत मायलेक काशीस जाऊन आले. घाटाच्या पायऱ्या वहिनींना उतरवल्या नाहींत. गंगा त्यांनीं वरूनच पाहिली. घरीं आल्यावर त्या इतकेंच म्हणाल्या, "हंड्यांत पाणी भरावें तें पिण्यासाठीं, नुसतें पाहण्यासाठीं नव्हे." पुतण्या खालीं मान घालून ऐकत होता.

वाचकांनीं कार्ड वापरावें कीं न वापरावें, हें ज्यानें त्यानें ठरवावें. वापरणारांनीं देणें वेळेवर फेडावें आणि मीठ पावसाआधीं उचलावें, एवढेंच या खाडीकांठच्या म्हाताऱ्याचें सांगणें.