पाणकणसातली मरळ

इगतपुरीस पाण्याची वाण नाही. थळ घाट चढून आल्यावर सह्याद्रीच्या माथ्यावर लागणाऱ्या या गावी वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, दारणा याच तालुक्यातील डोंगरांत उगम पावते, आणि भावली, मुकणे, वैतरणा यांसारखे विस्तीर्ण जलाशय येथून फारसे दूर नाहीत. तथापि गळाचा छंद जडलेला मनुष्य त्या जलाशयांची वाट सोडून आमच्या वस्तीलगतच्या लहानशा तळ्याकडेच वळतो, कारण ते सर्वांच्या पायाखालचे आहे. पहाटे रनिंग रूममध्ये उतरलेले गार्ड आणि ड्रायव्हर, दुपारी शाळा सुटलेली मुले, सायंकाळी बाजारपेठेतील मंडळी, आणि ज्यांचा त्या पाण्यावर खरा हक्क, ते ठेकेदाराचे जाळेवाले: इतक्यांचा वावर ज्या तळ्यावर बारमाही चालतो, तेथे मोठी मरळ शिल्लक असेल हे कोणास खरे वाटत नसे. मलाही ते सिद्ध करून दाखवायचे नव्हते. ती तेथे कशी जगत असेल, एवढेच मला जाणून घ्यायचे होते.

मरळ हा मासा इतर माशांहून वेगळ्या प्रकृतीचा आहे. कटला किंवा रोहू यांच्याप्रमाणे तो पाण्यात फिरून चरत नाही. गवताच्या, पाणकणसाच्या किंवा बुडालेल्या फांदीच्या आडोशास निश्चल दबा धरून तो बेडूक, लहान मासळी, किडे यांची प्रतीक्षा करतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच एका झेपेत ते गिळतो. केवळ कल्ल्यांच्या श्वसनावर त्याचा निर्वाह होत नसल्यामुळे हवा घेण्यासाठी त्याला वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. याच सामर्थ्यामुळे आटत्या डबक्याच्या चिखलात तो तग धरतो, बाजारात ओल्या गोणपाटाखाली तासन्‌तास जिवंत राहतो; आणि याचमुळे, कितीही लपला तरी, पाहणाऱ्यास त्याचा ठाव लागतो.

गळाची विद्या आपल्याकडे आजची नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचा स्वतंत्र विचार असून, माशांच्या जाती, गळ, दोरी, आणि कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते, यांचे तपशील एका राजाने जातीने नोंदविले आहेत; आणि इंग्रजी अमलात मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यावर पुढे केवळ तळ्यांतील मासेमारीवर एक निराळे पुस्तक लिहिले. परंतु ज्या पाण्यात रोज गळ पडतात त्या पाण्याचे शास्त्र मला शिकविले ते भातखाचरे राखणाऱ्या एका वृद्ध ठाकर गृहस्थांनी. मी बांधाच्या दगडी पायरीवर काठी सरसावून बसलो असता ते मागून आले, थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “मास्तर, समदी मानसं हितंच बसत्यात. मग मरळ हितं कशाला यील?”

“मग कुठं बसावं, बाबा?”

“बसू नगा. आठ दिस नुसतं बघा. मानसं कुठं जात न्हाईत, त्ये बघा.”

मी तसे केले. काठी घरी ठेवून मी तळ्याभोवती हिंडू लागलो, आणि मासे सोडून माणसेच न्याहाळू लागलो. सावली, सपाट दगड आणि मोकळे पाणी जेथे एकत्र मिळते तेथे सर्वजण बसत. सर्वांच्या गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी असे. सर्वांचे तंगूस जाड असे, कारण ओढताना तुटू नये ही प्रत्येकाची चिंता. डोंगराकडून पावसाळी ओहोळ जेथे तळ्यास मिळतो, त्या पाणकणसाने गच्च भरलेल्या कोपऱ्याकडे मात्र कोणी फिरकत नसे, कारण तेथे टाकलेला गळ हमखास अडकतो. एके दिवशी उजाडताना त्याच कोपऱ्यात, दोन झुडपांमधल्या घोंगडीएवढ्या मोकळ्या पाण्यावर, ‘पच्‌’ असा ओला आवाज झाला, एक वलय उमटले आणि त्याच्या मध्यभागी दोन बुडबुडे राहिले. मी तसाच उभा राहिलो. काही वेळाने पुन्हा तोच आवाज, तीच जागा.

तेथवर पोहोचणे मात्र सोपे नव्हते. काठावरचे पाऊल माशास पाण्यातून जाणवते. मी दोनदा चाहूल लागू दिली आणि दोन्ही वेळा कोपरा मुका झाला. तथापि एक गोष्ट माझ्या ध्यानी आली, तिचा मला आजही विस्मय वाटतो. १८६५ साली घाट खुला झाल्यापासून ज्या गावाने इंजिनांचा घोष ऐकला, त्या गावच्या तळ्यातील मासा गाडीस भीत नाही. १ : ३७ चा चढ चढून, मागे बँकर इंजिनांचा रेटा घेऊन मालगाडी वर येऊ लागली की काठची माती सूक्ष्म थरथरते, पाण्यावर बारीक शहारा उठतो, आणि तरीही ते श्वासाचे वलय नेमाने उमटत राहते. मग मी गाडी येईल तेव्हाच पुढे सरकण्याचा शिरस्ता ठेवला: गाडी आली की चार पावले, गाडी गेली की स्तब्धता.

आश्विन सरत आला होता, भात पिवळे पडले होते आणि बांधावरच्या वाळत्या गवतात नाकतोडे उडत होते. गांडूळ आणि कणीक पाहून विटलेल्या माशास वाऱ्याने पाण्यात पडलेला नाकतोडा मात्र ओळखीचा असणार, अशा विचाराने मी बारीक तंगुसास लहान गळ बांधला, शिसे मुळीच लावले नाही, आणि नाकतोडा झुडपाच्या पानावर टाकून तेथून अलगद पाण्यात घसरू दिला. तो पाय झाडू लागला. पाणकणसाची एक काडी, वारा नसता, हलली; नाकतोडा होता तेथे एक खळगा पडला आणि तंगूस आडवे सरकू लागले. मरळ भक्ष्य तोंडात धरून आधी आडोशास नेते, म्हणून तत्क्षणी झटका देण्याचा मोह आवरावा लागतो. तंगूस क्षणभर थांबून पुन्हा ताठ झाले तेव्हा मी काठी उचलली.

पुढची झुंज मुळांत शिरू पाहणारा मासा आणि त्याला मोकळ्या पाण्यात ठेवू पाहणारा मी यांची होती. तिचे वर्णन लांबवीत नाही. मरळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढी होती. सापासारखे चपटे, मोठ्या खवल्यांचे मस्तक, पाठीवर शेवाळी काळोख, पोटाकडे मळकट पांढरा रंग. आणि खालच्या ओठाच्या कोपऱ्यात भरून आलेली एक जुनी जखम, जिच्यात गंजलेल्या गळाचा तुकडा अद्याप रुतलेला होता. मी दोन्ही गळ चिमट्याने काढले आणि तिला ओल्या हातांनी पुन्हा पाण्यात सोडले. मरळीचे कालवण मला प्रिय आहे आणि मासा खाण्यात मला काही गैर वाटत नाही. पण इतक्या हातांतून सुटून वाढलेली मादी मारली, तर त्या तळ्याच्या उद्याच्या पिढीवर हात टाकल्यासारखे होईल, असे मला त्या वेळी स्पष्ट वाटले.

कारण या माशाचा खरा घात अन्यत्रच होतो. पावसाळ्यात मरळीची लालसर पिल्ले पुंजक्याने पृष्ठभागावर येतात, आणि जोडी त्यांच्याखाली पहारा देत फिरते. त्या दिवसांत पिल्लांवर काहीही पडले तरी आई-बाप भुकेने नव्हे, तर रक्षणासाठी त्यावर तुटून पडतात, आणि म्हणून ती पकडण्यास कोणतेही कौशल्य लागत नाही. पालक गेले की इतर मासे तो पुंजका बघता बघता संपवितात. हे मी मुलांना काठावर बसवून दाखविले, ड्रायव्हर मंडळींना सांगितले, आणि शेवटी ठेकेदाराच्या दारी जाऊन आषाढ-श्रावणात त्या कोपऱ्यात कोणी गळ टाकू नये, जाळे लावू नये, अशी विनंती केली. त्यांनी ऐकून घेतले, ती जागा कोणती ते विचारले, आणि पुढच्या पावसाळ्यापासून ओहोळाच्या मुखाशी बांबू रोवून हद्द आखण्याचे कबूल केले. बांबू ठाकरबाबा देणार आहेत.