शिफ्टबंदी आणि माझं चुकलेलं गणित

बेसबॉल म्हटलं की आपल्यातले निम्मे लोक पोस्ट पुढे सरकवतात, ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण २०२२ मध्ये मी इथेच तावातावाने लिहिलं होतं की मेजर लीगने शिफ्टवर बंदी घालावी. माझं चुकलं.

क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो. डावखुरा बॅटर जमिनीवरचे बहुतेक फटके उजवीकडे ओढतो. म्हणून चारपैकी तीन इनफिल्डर सेकंड बेसच्या उजवीकडे उभे करायचे, त्यातला एक पार मागे गवतात. डावी बाजू जवळजवळ मोकळी! युक्ती जुनीच आहे, १९४६ मध्ये क्लीव्हलँडच्या लू बुड्रोने टेड विल्यम्ससाठी लावली होती. पुढे कॉम्प्युटरने प्रत्येक बॅटरचा नकाशाच काढून दिला आणि ती रोजची झाली. २०२२ मध्ये लीगची सरासरी .२४३ वर आली, १९६८ नंतरची सगळ्यात कमी. मग २०२३ पासून नियम आला: दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि चौघांचे पाय इनफिल्डच्या आतच.

त्या वर्षी सरासरी .२४८ झाली. मी खूश. २०२४ ला पुन्हा .२४३.

जोई गॅलो घ्या. शिफ्टने मारलेला बॅटर म्हणून सगळे त्याचंच नाव घ्यायचे. २०२२ मध्ये .१६०, बंदीनंतर .१७७. अहो, बॅटला चेंडूच लागत नाही तिथे फिल्डर कुठे उभा आहे याने काय फरक पडणार? उलट लुइस अराएझने बंदीच्या आधीच, २०२२ मध्ये, .३१६ ने अमेरिकन लीगचा किताब घेतला. तोही डावखुराच. मोकळ्या जागेत चेंडू टाकायचा, बस.

बॅटर मूर्ख नाहीत, हेही खरं. ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या चेंडूवर तीन सिंगल जुळवण्यापेक्षा एक होमरन परवडतो. पगारही त्यालाच मिळतो.

हे सगळं आज आठवलं ते घरातल्या डावखुऱ्यामुळे. पोरगं शाळेच्या टीममध्ये आहे. अंगणात माझ्याकडून लेट कट शिकलाय, त्यामुळे थर्ड बेसकडे चेंडू छान सरकवतो. कोच म्हणतात ते बंद कर, उंच मार, स्ट्राइकआउट झालास तरी चालेल. गेल्या मॅचला तीनदा झाला. गाडीत बसल्यावर घरी येईपर्यंत एक शब्द नाही.

शनिवारी पुढची मॅच आहे. काल रात्री विचारत होता, "बाबा, कोणाचं ऐकू?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.