‘अँड’च्या अलीकडे

गेल्या आषाढात जांबोटीच्या घरची शिसवी पेटी उघडली, तेव्हा तोंडावर आलेल्या कुबट दर्पामागोमाग दोन जिन्नस हाती लागले : आजोबांचे मोडी वाटणीपत्र व माझी इंग्रजीची वही.

वहीत तांबड्या शाईचे शेरे आहेत. ‘बट’च्या अलीकडे स्वल्पविराम नाही म्हणून माझा अर्धा गुण गेला, धडा घेऊन मी पुढच्या पानावर ‘अँड’च्याही अलीकडे तो दिला, तर तिथे दिल्याबद्दल अर्धा गेला. ‘मी अंगण झाडले आणि पाणी भरले’ यात कर्ता एकच, म्हणून इंग्रजीत स्वल्पविराम नको. ‘मी अंगण झाडले आणि आईने पाणी भरले’ अशी दोन पुरी वाक्ये जोडली म्हणजे हवा, एवढा भेद मास्तरांनी उलगडून सांगितला असता तर त्यांचे काय वेचले असते, हा माझा राग अजून निवलेला नाही.

आजोबांच्या कागदात विरामचिन्हच नव्हते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवीत जायचे. शब्दाशब्दांतही अंतर नाही. ‘माळ आंबराई व विहीर निम्मी’ एवढ्या मजकुरापाशी कंदिलाच्या उजेडात आजोबा ‘व’च्या अलीकडे दम घेत, म्हणजे निम्मी ती केवळ विहीर, चुलत आजोबा एका दमात वाचीत, म्हणजे तिन्ही निम्मी. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० सालची; आमच्या कारकुनाला तिची गंधवार्ता नसावी.

अमेरिकेच्या मेन राज्यात, कायद्यातील यादीत ‘ऑर’च्या अलीकडे स्वल्पविराम नव्हता एवढ्यावरून, २०१७ साली दूधगाड्यांच्या चालकांच्या बाजूने अपिलात निकाल लागला, आणि जादा कामाच्या वेतनापोटी डेअरीने पुढे पन्नास लाख डॉलरांवर तडजोड केली. आजोबा कोर्टाची पायरी चढले नाहीत. विहिरीवर दोन रहाट बसले; चैत्रात दोघे भाऊ समोरासमोर पाणी शेंदीत, बोलत नसत, आणि आजी मात्र एकाच तांब्यातले ताक दोघांना आळीपाळीने पाजून, कोणाकडेही न पाहता, परत येई.

ते वाक्य मला ऐकूनच पाठ आहे. मोडी मला वाचता येत नाही.